जुन्या अंकांतील चित्रांचा उद्धार
(मंडळाच्या बीड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संपादक मंडळाने आम्हांस या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयही नेमून दिला. पीडीएफ नावाच्या संगणकीय दस्तऐवजात अडकून पडलेली चित्रे लिनक्स प्रणालीच्या संगणकावर सुटी कशी करावी, असा तो विषय आहे. ज्ञातिमेळाव्यात शिक्षणनिधी, वसतिगृह, वधूवर-परिचय असे विषय निघावयाचे. तेथे हे यंत्रतंत्र कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात उद्भवला असेल. तो रास्त आहे. म्हणून प्रथम या विषयाचे आपल्या घराघरांशी काय नाते आहे तेवढे सांगतो आणि मग यंत्राकडे वळतो.

आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका काही वर्षांमागे स्कॅन करून त्यांच्या पीडीएफ प्रती सभासदांकडे पाठविण्यात आल्या, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या अंकांत काय नाही? देणगीदारांची छायाचित्रे आहेत, मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मुलांची आहेत, दिवंगत सभासदांची आहेत, आणि अधिवेशनप्रसंगी काढलेली सामुदायिक चित्रे आहेत. ज्या काळात छायाचित्र काढणे ही आयुष्यात एकदोनदा घडणारी गोष्ट होती, त्या काळातील कित्येक माणसांचा चेहरा आज या अंकांखेरीज अन्यत्र कोठेही उरलेला नाही. मूळ चित्रे कोठे गेली, हे का सांगावयास हवे? काही वाळवीने खाल्ली. काही वाटणीच्या वेळी एका भावाकडे गेली आणि तेथून पुढे त्यांचा माग लागेना. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला जो महापूर आला त्यात बीड शहरातील घरेच्या घरे बुडाली. माणसे गेली, तेथे पेटीतल्या कागदांची काय कथा! शिवाय आपला जिल्हा हा स्थलांतराचा जिल्हा. दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे पाठीवर घेऊन निघणारी कुटुंबे फोटोंचे आल्बम कोठे सांभाळीत बसणार? आणि जी मंडळी छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई येथे स्थायिक झाली त्यांनी नेताना भांडी नेली, देव नेले. भिंतीवरची तसबीर मात्र पुष्कळदा भिंतीवरच राहिली.

त्यातही स्त्रियांची स्थिती अधिक शोचनीय. जुन्या अंकांत पुरुषांची चित्रे स्वतंत्र आणि नावानिशी छापलेली दिसतात. स्त्रियांचा चेहरा दिसतो तो बहुधा महिला-परिषदेच्या सामुदायिक चित्रात, तिसऱ्या रांगेत, करंगळीच्या नखाएवढा. आणि खाली 'उपस्थित भगिनी' एवढाच उल्लेख. एखाद्या घरच्या पणजीचे जगातील एकमेव चित्र तेच असते. त्या नखाएवढ्या चेहऱ्यातून जेवढे काही मिळण्याजोगे आहे तेवढे सगळे मिळवावे की निष्काळजीपणाने त्यातील चार आणे घेऊन बारा आणे टाकून द्यावेत, हा आजच्या विषयातील खरा प्रश्न आहे.

अक्षर आणि आकृती टिकवून ठेवण्याची कळकळ या भूमीला नवी नाही. आपल्या अंबाजोगाईस सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेलेले संतकवी दासोपंत यांनी पंचीकरणाचा विषय कागद सोडून कापडाच्या पासोडीवर लिहून काढला. चारशेहून अधिक वर्षे लोटली तरी ती पासोडी आज पाहावयास मिळते. लिहिणाराने माध्यम विचारपूर्वक निवडले आणि सांभाळणारांनी निष्ठेने सांभाळले, म्हणूनच हे घडले. आपले माध्यम कापडाचे नाही, विजेचे आहे; परंतु निवड आणि सांभाळ ही दोन्ही कर्तव्ये चुकत नाहीत.

आता मूळ विषयाकडे वळू. आपणांपैकी ज्येष्ठ मंडळींना खिळ्यांच्या छापखान्याचा काळ आठवत असेल. त्या काळी अंकात छायाचित्र घालावयाचे म्हणजे त्याचा 'ब्लॉक' करून घ्यावा लागे. जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून, लाकडी ठोकळ्यावर जडविलेला तो ठसा होय. चित्रातील काळ्यापांढऱ्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांच्या जाळीत मांडलेल्या असत. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदासाठी इंचाला साधारण ६५ ते ८५ रेघांची जाळी असे, आणि गुळगुळीत आर्ट पेपरसाठी १२० ते १५० रेघांची. पुढे तेच चित्र दुसऱ्या अंकात हवे झाले, तर जाणता संपादक छापलेले पान कापून पाठवीत नसे. तो पहिल्या छापखान्याकडून ब्लॉकच मागवून घेई. छापलेल्या पानावरून पुन्हा ठसा केला तर जाळीवर जाळी चढून चेहऱ्याचा चिखल होतो, हे त्यास पुरते ठाऊक असे.

आज आपण नेमके काय करतो? पीडीएफ पडद्यावर उघडतो, चित्राचा स्क्रीनशॉट घेतो आणि तो व्हॉट्सॲपवरून संपादकांकडे धाडतो. हे म्हणजे ब्लॉक छापखान्यात पडून असता छापलेले पान कापून पाठविण्यासारखेच झाले. पीडीएफच्या पोटात ब्लॉक असतो. तो मागून घेण्याची रीत तेवढी माहीत हवी.

पीडीएफ म्हणजे 'पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅट'. अमेरिकेतील ॲडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये या कल्पनेचा आराखडा मांडला. १९९३ मध्ये तिची पहिली आवृत्ती बाहेर पडली, आणि २००८ मध्ये आयएसओ ३२००० या क्रमांकाने तिला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. तेव्हापासून हा आराखडा कोणा एका कंपनीच्या मुठीतला राहिलेला नाही. कोणीही तो वाचून त्यावर चालणारी साधने घडवू शकतो.

या दस्तऐवजाची घडण समजून घेतली की पुढचे सर्व सोपे जाते. पीडीएफचे पान हे छापलेल्या पानासारखे एकजीव नसते. ती पान मांडण्याची सूचनावही होय. 'अमुक अक्षरे अमुक जागी मांड, अमुक क्रमांकाचे चित्र अमुक आकारात येथे बसव', अशा सूचना तीत असतात. आणि ते चित्र वहीच्या दुसऱ्या कप्प्यात आपल्या मूळ लांबीरुंदीनिशी स्वतंत्र ठेवलेले असते. पानावर ते लहान दिसले म्हणून कप्प्यात ते लहान असते असे नाही.

हिशेब करून पाहू. दहा इंच उंचीचे पान इंचाला ३०० बिंदू या प्रमाणाने स्कॅन केलेले आहे असे समजा. त्यावरील तीन इंच उंचीच्या छायाचित्रास ९०० बिंदूंची उंची लाभते. साध्या लॅपटॉपच्या पडद्याची उंची ७६८ बिंदूंची असते. त्यावर संपूर्ण पान मावविले म्हणजे इंचाला ७७ बिंदूही पुरते मिळत नाहीत, आणि तेच छायाचित्र २३० बिंदूंवर येते. उंचीत सुमारे चौपट आणि क्षेत्रफळात सुमारे पंधरापट हानी! तिसऱ्या रांगेतील पणजीच्या चेहऱ्यास मग किती बिंदू उरणार?

आता लिनक्सविषयी. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये या प्रणालीच्या गाभ्याचा आरंभ केला. जगभरच्या जाणकारांनी तिच्यात भर घातली, आणि आज ती कोणासही विनामूल्य वापरता येते. सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाने तिची भारतीय आवृत्तीही काढलेली आहे. सामान्य कुटुंबास तिचा एक रोकडा लाभ आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि कित्येक घरांतील चांगले चालते संगणक नव्या विंडोजसाठी अपात्र ठरले. ते भंगारात न घालता त्यांवर उबंटू, डेबियन वा मिंट यांपैकी एखादी लिनक्स प्रणाली बसविली, तर आपल्या कार्यास ते उत्तम उपयोगी पडतात.

आपणांस हवे असलेले साधन 'पीडीएफइमेजेस' हे होय. डेरेक नूनबर्ग यांनी १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या एक्सपीडीएफ या संचात त्याचे मूळ आहे. २००५ मध्ये त्या संचापासून पॉप्लर हा दुसरा संच निघाला, आणि बहुतेक लिनक्स संगणकांवर आज पॉप्लरचीच साधने असतात. संगणकावर ती नसल्यास 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॉप्लर-युटिल्स' ही आज्ञा एकदा द्यावी. येथे एक खुलासा केला पाहिजे. स्मरणिकेच्या सोयीसाठी आज्ञा नागरी लिपीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावयाच्या असतात. 'पीडीएफइमेजेस' हा शब्द पी, डी, एफ, आय, एम, ए, जी, ई, एस या नऊ अक्षरांनी सलग लिहावा. सूचनेपूर्वी जी आडवी रेघ दिसते ती सोडू नये, आणि दोन शब्दांमध्ये एक मोकळी जागा ठेवावी.

पहिले पाऊल असे. एक नवीन फोल्डर करून त्यात पीडीएफची एक प्रत ठेवावी. मूळ फाईलला हात लावू नये. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची खिडकी, उघडावी आणि 'पीडीएफइमेजेस -लिस्ट अंक.पीडीएफ' अशी आज्ञा द्यावी. या आज्ञेने काहीही बाहेर निघत नाही. आत काय आहे त्याची यादी मात्र समोर येते. किराणा दुकानदार माल घेण्यापूर्वी पावती तपासतो, तसेच हे आहे. यादीच्या प्रत्येक ओळीत पानाचा क्रमांक, चित्राचा क्रमांक, त्याचा प्रकार, रुंदी व उंची किती बिंदूंची, कोणत्या पद्धतीने ते दाबून बसविले आहे, आणि पानावर इंचाला किती बिंदू पडतात, ही सर्व माहिती मिळते. इंचाला ३०० किंवा ६०० बिंदू दिसले तर समाधान मानावे. ७५ च्या आसपास आकडा दिसला तर समजावे, की स्कॅन करतानाच कसर झालेली आहे आणि कोणतेही साधन यापुढे चमत्कार करू शकणार नाही.

दुसरे पाऊल म्हणजे प्रत्यक्ष चित्रे काढणे. समजा, आपणांस ४१ ते ४४ या पानांवरील चित्रे हवी आहेत. तर आज्ञा अशी: 'पीडीएफइमेजेस -ऑल -पी -एफ ४१ -एल ४४ अंक.पीडीएफ चित्र'. यात पी, एफ आणि एल ही एकेकटी रोमन अक्षरे आहेत. एफ म्हणजे पहिले पान, एल म्हणजे शेवटचे पान. पी या अक्षराने प्रत्येक चित्राच्या नावात पानाचा क्रमांक घातला जातो. 'ऑल' ही सूचना सर्वांत महत्त्वाची. ती दिली म्हणजे आत जेपीईजी स्वरूपात असलेले चित्र जसेच्या तसे, एका कणाचाही फेरबदल न होता, बाहेर येते. ती न दिल्यास साधन चित्राचा दाब सोडून ते अवजड स्वरूपात लिहिते. २४०० गुणिले ३००० बिंदूंचे एक रंगीत चित्र मग सुमारे २१ मेगाबाइटांचे होते. शेवटचा 'चित्र' हा शब्द केवळ नावाचा आरंभ आहे. तेथे आपण हवे ते नाव देऊ शकतो, आणि लिनक्सवर ते नागरी लिपीतही चालते. परिणामी 'चित्र-०४१-०००' अशा नावांची मालिका फोल्डरमध्ये तयार होते.

येथे पानाच्या क्रमांकाविषयी सावध राहावे. साधन पीडीएफमधील पाने मुखपृष्ठापासून मोजते. आपल्या स्मरणिकांत आरंभी जाहिरातींची बरीच पाने असतात व त्यांवर क्रमांक छापलेले नसतात. त्यामुळे छापील १७ वे पान पीडीएफमध्ये ३० वे असू शकते.

आता अडचणी. त्या न सांगता आम्ही थांबलो, तर घरी जाऊन प्रयोग करणारांची निराशा होईल.

पहिली अडचण अशी, की स्कॅन केलेल्या अंकात प्रत्येक पान हेच एक चित्र असते. मग सुटे छायाचित्र न निघता अख्खे पान निघते. त्यात बिघडले काहीच नाही. त्या पानाची प्रत करून हवा तो भाग कापून घ्यावा आणि तो पीएनजी स्वरूपात जतन करावा. जेपीईजी वारंवार उघडून, बदलून, पुन्हा जतन केले तर दर खेपेस त्याचे थोडे नुकसान होते. पीएनजीचे होत नाही.

दुसरी अडचण तुकड्यांची. काही यंत्रे एक पान आडव्या पट्ट्यांत विभागून साठवितात. तेव्हा एका चेहऱ्याचे कपाळ एका फाईलमध्ये आणि हनुवटी दुसऱ्या फाईलमध्ये निघते. घाबरू नये. इमेजमॅजिक या दुसऱ्या विनामूल्य साधनाने '-अपेंड' ही सूचना देऊन त्या पट्ट्या क्रमाने वरून खाली जोडता येतात.

तिसरी अडचण थरांची. फाईल लहान व्हावी म्हणून काही पीडीएफमध्ये पानाचे थर वेगळे केलेले असतात: कागदाची पार्श्वभूमी एका थरात, शाईचा रंग दुसऱ्यात, आणि शाई कोठे उमटवावी हे सांगणारा मुखवटा तिसऱ्यात. यादीत 'मास्क' किंवा 'एसमास्क' असा प्रकार दिसला की हे ओळखावे. असे थर सुटे काढले तर एक धूसर, एक काळाठिक्कर आणि एक भुताटकीसारखा दिसतो. अशा वेळी 'पीडीएफटूपीपीएम -आर ३०० -पीएनजी अंक.पीडीएफ पान' या आज्ञेने सर्व थर एकत्र करून संपूर्ण पानाचे चित्र उमटवून घ्यावे. यातील 'टू' हा टी आणि ओ या अक्षरांचा आहे. आर या अक्षरापुढील आकडा यादीत दिसलेल्या बिंदूंच्या प्रमाणाइतका ठेवावा. त्याहून मोठा आकडा दिल्याने फाईल फुगते, तपशील वाढत नाही. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहात मिळणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ बहुधा अशाच थरांच्या असतात. तेथे पानांच्या मूळ प्रतिमांचा स्वतंत्र गठ्ठा दिलेला असल्यास पीडीएफऐवजी तोच उतरवून घेणे शहाणपणाचे.

चौथी अडचण किरकोळ आहे. कधी चित्र आडवे वा उलटे निघते, कधी रंग उलट होऊन काळ्याचे पांढरे दिसते; चित्र संपादनाच्या साधनात ते सरळ करता येते. आणि मंडळाचे बोधचिन्ह, वेलबुट्टी, नकाशा यांसारख्या आकृती रेषांच्या सूचनांनी काढलेल्या असतील, तर त्या यादीत येतच नाहीत, कारण ती चित्रे नसून रेखाटने होत. त्यांसाठीही पानच उमटवून घ्यावे.

यापुढील गोष्ट गंभीर आहे. तीकडे विशेष लक्ष पुरवावे अशी विनंती आहे. आपल्या मराठवाड्यात जुन्या कागदांचे मोल एकाएकी सर्वांस कळून आले ते २०२३ मध्ये. राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि कुणबी नोंदींच्या शोधार्थ निजामकालीन दप्तरे धुंडाळली जाऊ लागली. मोडी, उर्दू व फारसी लिपीतील नोंदी वाचणारी माणसे गावोगाव शोधावी लागली. त्या प्रश्नाची राजकीय बाजू हा आजचा विषय नाही. परंतु वंशावळ असो, जमिनीचा कागद असो, शाळेच्या दाखल्याची नोंद असो, जुना कागद आज प्रत्येक ज्ञातीच्या घरात पीडीएफ होऊनच येतो. मोडीला संगणकाच्या युनिकोड लिपिकोशात २०१४ मध्ये स्थान मिळाले खरे. पण हस्तलिखित मोडी वाचावयास अजून जाणकार माणूसच लागतो. अशा कागदात चित्र हाच मजकूर असतो. वाचणारापुढे स्पष्ट प्रतिमा ठेवली तर तो 'दत्तो' की 'दत्ताजी' हे सांगू शकतो; धूसर स्क्रीनशॉट ठेवला तर त्याने अंदाज बांधावा आणि आपण त्या अंदाजावर पिढ्या जोडाव्यात, असे होते.

आणि येथेच एक सावधगिरी. २०१३ मध्ये जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी असे उघडकीस आणले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडेच बदलत होते. ६ च्या जागी ८ उमटत होता. कारण मोठे विलक्षण होते. फाईल लहान करण्याच्या जेबीआयजी२ नावाच्या पद्धतीत यंत्र एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच नमुना ठेवते आणि तोच सर्वत्र वापरते. दोन भिन्न आकडे त्यास एकसारखे वाटले की एकाच्या जागी दुसरा बसतो, आणि तोही अगदी सुबक, स्वच्छ! धूसर कागद निदान आपण धूसर असल्याचे कबूल करतो; हा कागद ठामपणे खोटे सांगतो. कंपनीने पुढे दुरुस्ती पुरविली. परंतु यादीत 'जेबीआयजी२' हा शब्द दिसला, तर गट क्रमांक, जन्मसाल, वय असे आकडे मूळ कागदाशी पडताळल्यावाचून मानू नयेत. ही पद्धत दिसली म्हणजे आकडे चुकलेच असे नव्हे. पडताळणी मात्र आवश्यक ठरते. तसेच हेही स्पष्ट असावे, की आपण काढलेली प्रतिमा वाचनाच्या साह्यासाठी आहे. कचेरीत वा न्यायालयात चालते ती अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची नक्कल.

मर्यादेच्याही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ज्या पीडीएफला तिच्या मालकाने कुलूप घातले आहे ती फोडण्याचा मार्ग आम्ही सांगणार नाही. परवानगी मागावी, ती बहुधा मिळते. आणि चित्र काढता आले म्हणून ते छापण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही. छायाचित्रकार, प्रकाशक आणि चित्रातील व्यक्तीचे कुटुंब यांचा मान राखावा. एखाद्या घराने आपल्या मृत आप्ताचे चित्र प्रसिद्ध करू नये असे म्हटले, तर तो त्यांचा हक्क आहे.

चित्र निघाले, पुढे काय? ते संपादकांकडे पाठविताना व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून न पाठविता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठविले की ते वाटेतच आक्रसते आणि आपला सारा खटाटोप वाया जातो. प्रत एकाच जागी ठेवू नये. एक संगणकात, एक पेन ड्राइव्हवर व एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, अशा तीन प्रती असाव्यात. बिंदुसरेकाठच्या माणसास 'दुसऱ्या गावच्या' या शब्दांचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

बंधुभगिनींनो, या साधनाची शक्ती जशी सांगितली तशी त्याची सीमाही सांगतो. स्कॅन करणाऱ्या यंत्राने जे टिपले नाही ते पीडीएफमधून निघत नाही. १२० रेघांच्या जाळीचे छापील चित्र इंचाला ३०० बिंदूंनी स्कॅन केले, तर जाळीच्या एका ठिपक्यास एका दिशेने जेमतेम अडीच बिंदू लाभतात. ६०० नी केले तर पाच लाभतात. आपल्या काही अंकांचे स्कॅन कमी बिंदूंचे झालेले आहे. म्हणून पहिली विनंती अशी, की ज्यांच्या घरी जुने छापील अंक अथवा मूळ छायाचित्रे असतील त्यांनी ती मंडळाकडे दोन दिवसांपुरती आणून द्यावीत. ती पुन्हा नीट स्कॅन करून, पावतीनिशी, जशीच्या तशी परत केली जावीत अशी व्यवस्था कार्यकारी मंडळाने करावी. खिळ्यांच्या छपाईचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. हे काम पुढल्या वर्षावर टाकण्याजोगे नाही.

दुसरी विनंती तरुण मंडळींस. आपणांपैकी कित्येकजण पुण्यात संगणकाच्याच व्यवसायात आहेत. वरील आज्ञा आपणांस पोरखेळ वाटतील. तसे असेल तर दिवाळीच्या सुटीत एकेका अंकाचे दायित्व एकेकाने पत्करावे, आणि प्रत्येक चित्रासोबत एक साधी मजकुराची फाईल ठेवावी: अंक कोणत्या वर्षाचा, छापील पान कितवे, चित्राखाली काय छापले होते, आणि चित्रात कोण आहे.

तिसरी आणि शेवटची विनंती वडीलधाऱ्यांस आहे, आणि ती सर्वांत निकडीची आहे. त्या चौथ्या बाबीचे, म्हणजे 'चित्रात कोण आहे' याचे उत्तर कोणत्याही पीडीएफच्या कोणत्याही कप्प्यात नाही. ते आपल्या स्मरणात आहे. 'उपस्थित भगिनी' या दोन शब्दांखाली उभ्या असलेल्या बायकांपैकी कोण कोणाची आत्या, कोण कोणाची मावशी, कोणाचे माहेर पाटोद्याचे आणि कोणाचे आष्टीचे, हे सांगू शकणारी माणसे आज या सभागृहात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मुलांनी ती चित्रे मोठी करून कागदावर छापावीत, आजीच्या पुढ्यात ठेवावीत आणि ती सांगेल तशी नावे क्रमाने लिहून घ्यावीत. आजीस एखादे नाव आठवले नाही तर तेथे रिकामी जागा सोडावी. कोणी अंदाजाने नाव घालू नये. पुढील स्मरणिकेत ती चित्रे नावांसह छापण्याचे संपादक मंडळाने मनावर घ्यावे, अशी सूचना आम्ही या सभेपुढे ठेवतो.